बांधून आणलेले परके

निजामशाहीवर आपल्याकडे जे लिहिले आणि शिकवले जाते, त्यात एक शब्द बिनदिक्कत वापरला जातो : परकीय. परकीय मुसलमानांनी नगर वसवले, जवळपास दीडशे वर्षे राज्य केले आणि ते बुडाले. दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना हेच वाक्य थोड्याफार फरकाने माझ्यासमोर येते. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. 'मुसलमान' आणि 'परका' हे दोन शब्द त्यांच्या हाती येण्याआधीच एका दावणीला बांधले गेले आहेत. याला उत्तर म्हणून जे दुसरे लेखन होते, शहाशरीफ आणि मालोजींच्या ऐक्याचे, तेही मला अपुरे वाटते. तिथे सगळेच एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभे असतात. कोण कसा आला, त्याला कोणी आणले, येताना त्याच्या हातात लेखणी होती की पायात बेडी, हा प्रश्न दोन्हीकडे निघतच नाही. उतरंडीच्या तळाशी वाढलेल्या वाचकाला मात्र तो सर्वांत आधी सुचला पाहिजे.

मुळात हे घराणेच पाहावे. मलिक अहमदने 1490 मध्ये बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच ठिकाणी अहमदनगर उभे राहिले. त्याचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, विजयनगरच्या मुलखातून लहानपणी कैद होऊन आलेला, आणि पूर्वजांचे गाव पाथरी, असे फिरिश्ता लिहितो. पाथरी आजच्या परभणी जिल्ह्यात आहे. ज्या सत्तेला आपण परकी म्हणतो तिचा मूळपुरुष असा गोदावरीच्या खोऱ्याशी नाते सांगणारा निघतो.

परक्यांचा खरा वाद नगरात झाला तो मुसलमानांच्या आपसात. इराण, इराक, मध्य आशियातून आलेले ते आफाकी. इथे जन्मलेले, इथलेच झालेले ते दख्खनी. आफाकींना 'गरीब' असेही म्हणत. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ निर्धन असा झाला, आणि दरबारातले हे 'गरीब' तर बहुधा जहागिरी खाऊन होते! पण त्यांच्या भीतीला मी खोटे म्हणणार नाही. शाह ताहिर हा इराणातला इस्माइली इमाम. शाह इस्माइलच्या धाकाने जीव वाचवून तो पळाला आणि नगरला बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयाला राहिला. त्याच्या प्रभावाने 1537 च्या सुमारास बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. बहुसंख्य मुसलमान सुनी असलेल्या शहरात मूठभर शियांचा पंथ राजाचा पंथ झाला. 1589 मध्ये पारडे फिरले. मिर्झा खान या आफाकी सरदाराने मीरान हुसेन निजामशहाला मारले तेव्हा जमालखानाच्या पुढारपणाखाली दख्खनी आणि हबशी उठले आणि नगरात आफाकींची कत्तल झाली. जमालखान महदवी पंथाचा. त्याने तो पंथ राज्याचा केला. 1591 मध्ये रोहिणखेडच्या लढाईत तो पडला, शिया पंथ परत आला आणि महदवींवर संकट कोसळले. दोन वर्षांत अल्पसंख्याकांचे दोन गट एकापाठोपाठ भरडले गेले. 'मुसलमानांचे राज्य' या एका शब्दप्रयोगात यातले काहीही मावत नाही.

हे सगळे आपल्याला कोणी सांगितले? फिरिश्ता आणि सय्यद अली तबातबा यांनी. फिरिश्ता कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. बापाबरोबर लहानपणी नगरला आला आणि 1589 च्या धामधुमीनंतर विजापूरला निघून गेला. तबातबानेही नगरच्या दरबारासाठी 'बुऱ्हाने मआसिर' लिहिला. दोघेही आफाकी, दोघांचीही लेखणी फारसी. त्यांचे ग्रंथ मोलाचे आहेत, पण ते वादातल्या एका पक्षाचे आहेत. दख्खनी-हबशी पक्ष त्यांत दिसतो तो मुख्यतः दंगा करणारा जमाव म्हणून. जमावाने आपली बखर लिहिलेली नाही.

या जमावात हबशी होते. तेही बाहेरून आलेलेच. मग त्यांची गणना आफाकींत का झाली नाही? अरब, इराणी, तुर्क हे कुळ आणि विद्या घेऊन आले. हबशी विकून आणला गेला. देशांतराचीही एक वर्णव्यवस्था असते, ती ही. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा बाजारात विकला गेला, हातोहात फिरला, एका मालकाने त्याचे नाव अंबर ठेवले. दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने. तो स्वतः हबशी. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर बुडत्या राज्याचा कारभार याच अंबरने हाती घेतला आणि 1626 पर्यंत तो मोगलांना पुरून उरला.

त्याच्याकडे कोण कसे पाहत होते, हे तपासणे हे समीक्षेचे काम आहे. जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. अबुल हसनने काढलेले एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे : बादशहा अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. जे रणांगणावर जमले नाही ते कुंचल्याने करून घेतले. दुसरीकडे नगर जिल्ह्यातल्याच नेवाशाचा कवींद्र परमानंद, शिवाजी महाराजांच्या पदरचा संस्कृत कवी. त्याच्या 'शिवभारता'त 1624 च्या भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे. नगरजवळच्या या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी पडले. परमानंद अंबरचा उल्लेख शूर सेनापतीला शोभेल अशा आदराने करतो. मुसलमान बादशहा रंगावरून हिणवतो आणि ब्राह्मण कवी पराक्रम पाहतो. धर्माच्या फूटपट्टीने इतिहास मोजणाऱ्यांनी ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत.

पण परमानंदाच्या आदरातही बेडी नाही. आपल्या मराठी लेखनातही ती नाही. मलिकंबरी धारा, गनिमी कावा, खडकीचे पाण्याचे नळ यांवर भरपूर लिहिले जाते. अंबर 'कर्तबगार' ठरतो आणि त्याचे गुलामपण एका पोटवाक्यात उरकले जाते, जणू ती लहानपणीची एखादी आजारपणाची गोष्ट. 1617 मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने तो विकला गेल्याची नोंद केली. म्हणजे आपल्या माणसाचे दुःख परक्या व्यापाऱ्याच्या वहीत. याच जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी 1978 मध्ये 'बलुतं' दिले, तेव्हा मराठी वाचकाला कळले की कर्तबगारीची यादी आणि भोगलेले आयुष्य या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अंबरचे 'बलुतं' नाही. ते कल्पनेने लिहून काढणाऱ्या कादंबरीकाराने आधी ही उणीव तरी ओळखावी.

मात्र त्याची मूर्ती करून पूजणेही नको. विकला गेलेल्या या माणसाने पुढे स्वतः हबशी गुलाम विकत घेऊन फौज उभी केली. त्याच्या नावाच्या धाऱ्याने शेतसाऱ्याला शिस्त आली, गावगाडा हलला नाही. महाराचे वतन त्याच्या आधी होते आणि नंतरही राहिले. ते मोडायला 1958 चा कायदा यावा लागला.

त्याच गावगाड्यात मुलाणीही होता. कितीतरी गावांच्या बलुतेदारांच्या यादीत त्याचे नाव न्हाव्या-परटांच्या शेजारी सापडते. बकरे हलाल करून आपले बलुते मागणारा हा माणूस कोणत्या जहाजातून आला? तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार यांना हा प्रश्न विचारून पाहावा. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तेव्हा अहमद हा परका होता, असे चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत मी ऐकले. पाथरीचा उल्लेख केला की समोरचा गप्प होतो. हबशांचा उल्लेख केला की हसतो, कारण गावात काळ्या पोराला चिडवायला हाच शब्द अजून वापरात आहे. दलित पोरांच्याही तोंडी मी तो ऐकला आहे.