असू दे, लागेल!

पुस्तकाचं परीक्षण लिहायचं तर ते आधी वाचलेलं असावं, असं म्हणतात. बरीचशी परीक्षणं वाचून तसा संशय येत नाही, हा भाग निराळा. मी मात्र हे पुस्तक नुसतं वाचलं नाही, तर चांगलं साडेतीन आठवडे घरात राबवून पाहिलं. पाकक्रियेच्या पुस्तकावर लिहिणाऱ्यानं निदान एकदा तरी त्यातला रव्याचा लाडू करून खावा, तसं. लाडू कसा झाला ते सांगतो.

निमित्त असं झालं, की डोंबिवलीतली आमची 1983 सालची बिल्डिंग पाडून नवी उभी राहायची ठरली. म्हणजे तीन वर्षं भाड्याच्या जागेत. दोन खोल्या, वर माळा नाही. आणि इकडे चाळीस वर्षांचा संसार पंख्याच्या पात्यापर्यंत आलेला. बायको म्हणाली, "अहो, आता काहीतरी करा." मी नेहमीप्रमाणे काहीतरी करण्याऐवजी बंगलोरला चिरंजीवांना फोन केला. चिरंजीवांच्या घरात एक गादी, एक लॅपटॉप आणि एक झाड आहे. झाडही निवडुंगाचं, म्हणजे पाणी घालायची कटकट नाही. याला म्हणे मिनिमलिझम म्हणतात. आमच्या लहानपणी याला 'बिऱ्हाड अजून लागायचंय' असं म्हणत. चिरंजीवांनी फोनवर सहानुभूती दाखवली आणि तिसऱ्या दिवशी कुरियरनं पुस्तक पाठवलं. घरातल्या वस्तू कमी करण्याच्या कामाची सुरुवात घरात एक वस्तू वाढवून झाली.

पुस्तक मारी कोंडो या जपानी बाईंचं. 2010-11च्या सांध्यावर ते जपानात निघालं, 2014 साली इंग्रजीत अमेरिकेत पोचलं आणि 2019च्या जानेवारीत तर बाई नेटफ्लिक्सवरून थेट लोकांच्या दिवाणखान्यात शिरल्या. योगायोग पाहा, आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' आली तीही 2010 साली. एकाच सुमाराला एका देशात अडगळीला समृद्ध म्हणणारी कादंबरी निघते आणि दुसऱ्या देशात ती अडगळ फेकायला सांगणारं पुस्तक. जग समतोल राखून असतं.

कोंडोबाईंची पद्धत ऐकायला सोपी आहे. खोली खोली आवरायची नाही, जात जात आवरायची. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ सटरफटर आणि सगळ्यात शेवटी आठवणींच्या वस्तू. घरातली त्या जातीची झाडून सगळी चीज जमिनीवर आणून टाकायची, एकेक हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, 'हिला हात लावून मनात आनंदाची लहर उठते का?' उठली तर ठेवायची. नाही उठली तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा.

हा क्रम फार शहाणपणाचा आहे, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. माणूस आवरायला बसतो तो हटकून जुन्या फोटोंपासून. मग दिवसभर फोटोच बघतो आणि संध्याकाळी मुंज कुणाची यावरून भांडण होऊन पसारा होता तिथेच राहतो. बाईंनी ही खोड ओळखली आहे. कपड्यांवर हात बसला की मग फोटोंना हात.

तर कपड्यांपासून सुरुवात केली. पलंगावर माझ्या पँटींचा ढीग पडला. एकेक हातात घेतली. लहर कसली उठणार? कमरेचं बटण आठवून जी उठली तिला आनंदाची म्हणता येणार नाही. अकरा पँटी बाद झाल्या. त्यांचे आभार मानायचे होते. बायको शेजारी बसून मटार सोलत होती, त्यामुळे मी मनातल्या मनात मानले.

इथे पहिला मतभेद झाला. बाई म्हणतात, जे तुम्हाला नको ते तुमच्या घरच्यांच्या गळ्यात बांधू नका. स्वतःचे नको झालेले कपडे धाकट्या बहिणीला दिल्याचा पश्चात्ताप त्यांनी पुस्तकात व्यक्त केला आहे. हे वाचून मी थबकलो. आमच्या घरात मी धाकटा. बारा वर्षांचा होईपर्यंत मी नवा शर्ट पाहिला तो दुकानाच्या काचेतून. दादाचा शर्ट मला, माझा मामेभावाला, त्याचं पुढे पायपुसणं आणि पायपुसण्याची अखेर सायकल पुसण्यात. आईच्या जुन्या लुगड्याची दुपटी होत, कारण बाळाला नवं कापड टोचतं. उरल्यासुरल्याची गोधडी. त्यातूनही वाचलं तर दारावर बोहारीण. कोंडोबाई टाकलेल्या पिशव्यांची मोजदाद मोठ्या अभिमानानं देतात, पण त्या पिशव्या पुढे कुठे जातात ते मला पुस्तकात सापडलं नाही. आमच्या बोहारणीच्या राज्यात वस्तू टाकली जात नसे, तिची बदली होत असे. मात्र न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो, की कपडे गेले की त्याबदली एक स्टीलचं पातेलं घरात येई. कपड्यांचं कपाट रिकामं व्हायचं आणि भांड्यांची मांडणी भरायची. आमच्या माळ्यावर अशी एकात एक बसणारी सतरा पातेली निघाली. एकातही दोन माणसांचा भात धड होत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत बाई स्वतः तीसेक पुस्तकं बाळगतात. आमच्याकडे तीस हा दिवाळी अंकांच्या एका गठ्ठ्याचा आकडा आहे. पुस्तक हातात घ्या पण उघडू नका, असा त्यांचा सक्त इशारा आहे. मी उघडलं. बुधवारी सकाळी उघडलं ते शुक्रवारी मिटलं. याबद्दल घरात जे बोलणं झालं त्याचा परीक्षणाशी संबंध नाही.

कागदपत्रांच्या प्रकरणात तर बाईंचा नियम एका ओळीचा आहे. सगळे टाका. अगदी नाइलाज असेल तेवढेच ठेवा. मी तयारीनं बसलो होतो. रेडिओच्या लायसनचं पुस्तक निघालं. लायसन रद्द होऊन चाळीसेक वर्षं झाली, रेडिओ जाऊन तीस. गॅसच्या नंबरासाठी केलेल्या अर्जाची पोच निघाली. एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप आला, की करारासाठी मूळ शेअर सर्टिफिकेट, सुरुवातीच्या हप्त्यांच्या पावत्या आणि जुन्यातलं जुनं लाइट बिल उद्या सकाळी हवं. तिन्ही वस्तू रद्दीच्या त्याच ढिगात, रेडिओच्या लायसनखाली सापडल्या. बाई जपानच्या आहेत. आपल्या देशात मनुष्य जिवंत असल्याचा पुरावा तो स्वतः नसून त्याचं लाइट बिल आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

खरं म्हणजे माझं भांडण आहे ते त्या एका प्रश्नाशी. 'मला आनंद होतो का?' यातला 'मला' कोण? एकट्या राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न शोभतो. आमच्या घरातली एकही वस्तू एकट्याची नाही. खलबत्ता पाहून मला काही होत नाही, पण बायकोला त्यात कुटलेली वेलची आठवते. तिच्या वाट्याचा आनंद माझ्या हाताला कसा कळणार? आणि दुसरं असं, की आनंदासाठी वस्तू ठेवायची चैन आमच्या आधीच्या पिढीला माहीतच नव्हती. ती वस्तू ठेवी ते भीतीनं. 1972च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली, रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून नंबर धरलेली ही माणसं. स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर, टेलिफोनला नंबर. त्यांनी सुतळीचा तुकडा गुंडाळून ठेवला आणि 'असू दे, लागेल' म्हटलं, तर तो अडाणीपणा नव्हता, अनुभव होता. जे टाकलं ते उद्या दहा मिनिटांत दारात पुन्हा येईल, असा भरवसा असलेल्या माणसालाच कमी वस्तूंत राहणं परवडतं. आमच्या चिरंजीवांच्या घरात काही नाही, कारण सगळं दुकान त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. शिवाय त्यांच्या दोन बॅटी, कॅरम आणि बारावीच्या क्लासच्या नोट्स आमच्या माळ्यावर आहेत. नको असलेलं सामान आईबापांकडे पाठवून देणाऱ्यांना कोंडोबाईंनी चांगलं झापलं आहे. ते पान मी फोटो काढून बंगलोरला पाठवलं. उत्तर आलेलं नाही.

मात्र 'लागेल'चा हा बचाव मी करत होतो तो आईच्या पिढीच्या नावावर, आणि माळ्यावरून खाली येत होते ते आमच्या लग्नातले लेमन सेट. सहा. त्यांतले चार न उघडलेले. बंद पडलेले तीन मिक्सर, श्रीखंडाचे रिकामे डबे, कुकरच्या रिंगा, मोबाइलची रिकामी खोकी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही रॉकेलच्या रांगेत कधी उभे राहिलो नाही, हे सगळं कशासाठी ठेवलं होतं कोण जाणे. आई खाटेवर बसून बघत होती. तिला सत्त्याऐंशीवं चालू आहे.

"आई, आपलं ते तांब्याचं घंगाळ कुठंय गं?"

"ताईकडे. सात वर्षं झाली. तिनं त्यात झाड लावलंय."

"आणि मोठं पितळी पातेलं?"

"ते नागपूरला दिलं, भाचीच्या लग्नात. पाटा-वरवंटा खालच्या वहिनींना. अडकित्ता तुझ्या दादाला हवा होता."

एकेका वस्तूमागे एकेक नाव. आईनं पंधरा वर्षांत आपला सगळा संसार वाटून टाकला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, कारण तिच्या रिकाम्या झालेल्या प्रत्येक जागेत आमचा एकेक लेमन सेट जाऊन बसला होता. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन या आजीबाईंचं 2017 साली एक पुस्तक इंग्रजीत निघालं. आपल्यामागे मुलांना त्रास नको म्हणून आपल्या हयातीतच आपलं आवरून ठेवावं, असं त्यात सांगितलं आहे. तिकडच्या भाषेत त्याला स्वतंत्र शब्द आहे. आमच्या आईला शब्द माहीत नाही, तेवढंच.

शेवटी राहिली आईची पत्र्याची ट्रंक. आठवणींच्या वस्तू शेवटी, या नियमानं मीच ती मागे ठेवली होती. खाटेखालून ओढायला दोन्ही हात लावले आणि मागे पडता पडता वाचलो, इतकी ती हलकी. आत एक नवी कोरी सुती साडी, तुळशीची माळ, काशीहून आणलेला गंगेचा गडू, डाक लावलेला, आणि एक पाकीट. पाकिटात पैसे आणि वर आईच्या अक्षरात, 'कुणाकडे मागू नये.' बाकी ट्रंक रिकामी.

मी साडी हातात घेऊन तसाच बसलो. हातात वस्तू घेऊन काय विचारायचं ते मला पाठ होतं. विचारवेना.

आईनं चष्म्यावरून पाहिलं. म्हणाली, "ते असू दे रे. लागेल."

बायको उठून चहा ठेवायला गेली. आई म्हणाली, "साखर कमी घाल गं." एवढंच बोलणं झालं.

तर आता अभिप्राय. कोंडोबाईंचं पुस्तक जरूर वाचावं. कॉलेजात असताना पाच वर्षं शिंतो देवळात सेविका म्हणून काम केलेली ही बाई निरोप देण्यापूर्वी वस्तूचे आभार मानायला सांगते, तेव्हा मला ती परकी वाटत नाही. खंडेनवमीला आपण पान्याला आणि शिवणयंत्राला हळदकुंकू वाहतो. दहा दिवसांच्या लाडक्या गणपतीला आरती करून, हातावर दही ठेवून पाण्यात सोडून येतो. वस्तूवर माया करावी आणि ती सोडता यावी, हे आपल्याला शिकवायला जपानहून कुणी यायला नको होतं. आपण विसरलो होतो, म्हणून यावं लागलं. फक्त त्यांच्या प्रश्नाला एक पुरवणी जोडावी. 'मला आनंद होतो का?' एवढं विचारून थांबू नये, 'कुणाला होईल?' हेही विचारावं आणि ते नाव सापडलं की वस्तू आजच पोचती करावी. एकही नाव सापडलं नाही तर मात्र तो लेमन सेट समजावा.

पुढे 2019च्याच अखेरीला याच बाईंनी स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलं. नाद काढायचा चिमटा आणि गुलाबी स्फटिक मिळून 75 डॉलर, असा माल त्यात होता. आणि 2023च्या सुरुवातीला त्यांनी सांगून टाकलं, की तिसरं मूल झाल्यापासून आवराआवरीचा नाद आपण बराचसा सोडला आहे. हे वाचल्यापासून बाईंविषयी माझं मत फार चांगलं झालं आहे.

आमचं सामान हललं. लेमन सेट पाच गेले. सहावा कुठे दडला आहे ते बायकोला ठाऊक. ट्रंक टेम्पोत टाकली नाही, रिक्षात आईच्या पायाशी ठेवून नेली. पुस्तक मी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिलं, कारण त्यांचं आवरणं अजून व्हायचं होतं. परवा त्यांच्याकडे सहज गेलो होतो. पुस्तक दिसलं नाही म्हणून विचारलं.

"आहे ना," ते म्हणाले, "वर माळ्यावर व्यवस्थित ठेवलंय."