‘स्थळ’ : मुलीचे वाढणे आणि चित्रपटाचे भांडवल

मराठी चित्रपटाची समीक्षा सामान्यतः कथानक, अभिनय आणि दिग्दर्शन यांभोवती फिरते. चित्रपट कोणाच्या पैशातून उभा राहिला हा प्रश्न ती वृत्तपत्राच्या व्यापारविषयक पानावर सोडून देते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न आशयाचाच भाग मानून जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’ (२०२३) या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. आपल्या यवतमाळला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात तो घडतो. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची, सावळी, बेताच्या उंचीची आणि समाजशास्त्र घेऊन बी. ए. करणारी मुलगी त्याची नायिका आहे. अशा मुलीच्या गोष्टीत पैसा कोण घालतो, आणि तो ज्या वाटेने येतो त्या वाटेचा तिच्या चित्रणावर काय परिणाम होतो, एवढाच या लेखाचा विषय होय.

चित्रपटाची सुरुवात एका स्वप्नाने होते. त्यात बायका बैठकीत बसल्या आहेत आणि मुलगा त्यांच्यापुढे उत्तरे देतो आहे. स्वप्न मोडते आणि मग सविता दौलतराव वांढरे हिला पाहावयास पाहुणे येऊ लागतात. नाव, शिक्षण, उंची, मामेकूळ, आवड असे तेच प्रश्न, तीच पुरुषांची रांग आणि समोर तोच पाट. या पुनरावृत्तीला कंटाळवाणी म्हणणारे प्रेक्षक मला भेटले आहेत. परंतु तो कंटाळा सविताचा आहे, दिग्दर्शकाने तो फक्त आपल्याकडे पोहोचविला आहे. एकीकडे कापसाचा भाव, दुसरीकडे हुंडा आणि या दोहोंच्या मध्ये बापाची जमीन, असा हिशेब मागे चालू राहतो. महाविद्यालयाच्या वर्गात स्त्री सक्षमीकरणावर व्याख्यान होते. ते दृश्य आपणा अध्यापकांना हसून सोडून देता येत नाही, कारण तो वर्ग आपला आहे.

एकच गाव, गावातीलच नवखे कलाकार, त्यांची स्वतःची बोली, मोजकी घरे व अंगणे यांना समीक्षक वास्तववाद असे नाव देतात, आणि ते चूकही नाही. तथापि ही शैली मर्यादित भांडवलाचीही शैली आहे, याकडे दुर्लक्ष होते. शेफाली भूषण, करण ग्रोव्हर, रिगा मल्होत्रा आणि स्वतः सोमलकर यांनी निर्मितीचा भार उचलला. ‘गिल्टी माइंड्स’ (२०२२) या मालिकेचे दिग्दर्शन भूषण आणि सोमलकर यांनी मिळून केले होते. म्हणजेच दिग्दर्शक आधी मुंबईच्या व्यवसायात पोहोचला, तेथे त्याने सहकाऱ्यांचा विश्वास मिळविला आणि मग तो विश्वास घेऊन आपल्या मुलखात परतला. सविताची गोष्ट सांगितली जाण्यासाठी तिच्या मुलखातील एका पुरुषाला एवढा प्रवास करावा लागला. त्यानंतर २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात चित्रपटाला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि सचिन पिळगांवकर यांच्या प्रस्तुतीने ७ मार्च २०२५ रोजी तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. मधल्या दीड वर्षात चित्रपटही एका अर्थाने पाटावरच बसून होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे नेहमीच असे नव्हते. सुमित्रा भावे या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पातून त्यांनी झोपडपट्टीतील स्त्रीच्या जगण्यावर ‘बाई’ (१९८५) हा लघुपट केला. अभ्यासाचे निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत, या अडचणीतून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह केलेला ‘दोघी’ (१९९५) हा दोन बहिणींच्या वाढण्याचा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून झाला. लग्नाच्या दिवशीच कोसळलेल्या अपघाताने थोरली बहीण ‘अपशकुनी’ ठरते आणि तिची वाट मुंबईच्या बाजारापर्यंत जाते. धाकटी हे सारे पाहत मोठी होते. या कथेला बाजारातून पैसा मिळणे अवघड होते. येथे सार्वजनिक संस्थेने पटकथा वाचून, चित्रीकरणापूर्वी पैसा दिला. मला निर्णायक वाटतो तो हा ‘पूर्वी’ शब्द.

राज्य शासनाची मदत याच्या उलट क्रमाने येते. १९७५ च्या करपरतावा योजनेत भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढील मराठी चित्रपटासाठी परत मिळे. ज्याचा चित्रपट चालला त्यालाच दुसरा करता येई, हे उघड आहे. नंतर आलेल्या अनुदान योजनेत चित्रपट पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षण समिती त्याचा दर्जा ठरविते. योजनेचा हेतू चांगला आहे आणि तिने अनेक निर्मात्यांना तारले आहे. परंतु ज्याच्याजवळ आधी खर्च करण्याची ऐपत आहे तोच या दारापर्यंत पोहोचतो. कर्जमाफीवर बोलताना जो फरक आपल्या जिल्ह्यातील शेतकरी सहज ओळखतो, तोच येथेही आहे : पेरणीच्या वेळचा पैसा वेगळा आणि नंतरची भरपाई वेगळी.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. अमेरिकेत लेस्ली हॅरिस या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने ब्रुकलिनमधील सतरा वर्षांच्या मुलीवर ‘जस्ट अनदर गर्ल ऑन द आय. आर. टी.’ (१९९२) हा चित्रपट अनुदाने जमवून अवघ्या १७ दिवसांत चित्रित केला. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. तरीही दुसऱ्या कथाचित्रपटाचे भांडवल त्यांना पुढे अनेक वर्षे उभे करता आले नाही. उलट सिनसिनाटीतील कृष्णवर्णीय मुलींच्या नृत्यपथकावरील ‘द फिट्स’ (२०१५) व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज योजनेने दिलेल्या दीड लाख युरोंतून झाला. पैसा निर्मितीपूर्वी मिळाला आणि पथकातील मुलीच पडद्यावर आल्या. पुरस्कार मिळणे आणि पुन्हा चित्रपट करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे हॅरिस यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

प्रेक्षकांनीच पैसा उभा करावा, असा एक उपाय सुचविला जातो व त्यासाठी ‘मंथन’ (१९७६) चे उदाहरण दिले जाते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, हे खरेच. पण तेथे दूध रोज संघात येत होते आणि प्रत्येक सभासदाचा हिशेब संघापाशी होता. आपला कापूस वर्षातून काही वेचण्यांत निघतो आणि बहुधा देणेकऱ्याच्या घाईने विकला जातो. दोन रुपये गोळा करणारी तशी साखळी येथे नाही. त्यापेक्षा झाडीपट्टीची रंगभूमी अधिक जवळची. दिवाळीनंतर वडशाच्या नाट्यमंडळ्यांना गावोगावची मंडळे नाटक ठरवून देतात, तिकिटे विकतात आणि रात्रभर हजारो माणसे बसतात. सविताच्या मुलखात कथेसाठी पैसे मोजणारा प्रेक्षक आहे, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. चित्रपटाच्या वितरणाला तो दिसत नाही, कारण तालुक्याच्या ठिकाणची कित्येक एकपडदा चित्रपटगृहे बंद पडली आहेत आणि बहुपडदा गृहाचे तिकीट काढून शहरात जाणे हा निराळाच खर्च आहे.

‘स्थळ’ची मर्यादाही नोंदविली पाहिजे. सविता आपल्याला बहुतेक वेळा पाहिली जाताना दिसते; ती स्वतः काय पाहते, नोकरीच्या स्वप्नात तिला नेमके काय हवे आहे, याला चित्रपट थोडीच जागा देतो. आणि निदान तिच्या बापाजवळ विकण्यासारखी जमीन तरी आहे. यवतमाळच्या पाटीपुऱ्यात किंवा नागपूरच्या उत्तरेकडील वस्तीत वाढणाऱ्या दलित मुलीचे वयात येणे अद्याप कोणत्याही मोठ्या चित्रपटाच्या मध्यभागी आलेले मला दिसत नाही. ‘फँड्री’ (२०१३) जब्याचा आहे. ‘सैराट’ (२०१६) मधील आर्ची तेजस्वी आहे, पण ती पाटलाची लेक आहे. नागपूरच्या झोपडपट्टीवरील ‘झुंड’ (२०२२) मध्ये मोनिका या आदिवासी मुलीची कागदपत्रांसाठीची वणवण हा चित्रपटातील सर्वांत सच्चा भाग आहे. तथापि अमिताभ बच्चन यांच्या भोवती रचलेल्या त्या मोठ्या भांडवलाच्या चित्रपटात तिच्या वाट्याला उपकथानकच येते. येथे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना दोष देण्याचा हेतू नाही. भांडवल मोठे झाले की ते नायकाचे नाव विचारते, आणि लहान असले की दिग्दर्शकाचे गाव.

अशी मुलगी स्वतःची पटकथा घेऊन आली तर तिच्यासाठी आज कोणते दार आहे? मुंबईतील सहकाऱ्यांचा विश्वास तिच्यापाशी नाही. आधी खर्च करून मागाहून अनुदान मिळविण्याची ऐपत नाही. परदेशी निधीचा अर्ज इंग्रजीत भरावा लागतो. ‘बाई’ला मात्र एका संशोधन प्रकल्पाचे दार उघडे होते. आपल्या समाजशास्त्र आणि मराठी विभागांतून दरवर्षी कितीतरी लघुशोधप्रबंध तयार होतात, त्यांत हुंडा आहे, शाळागळती आहे, वस्तीतील किशोरी आहेत. ते बांधून कपाटात ठेवले जातात. त्या मुलींनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांतही नाव, वय, शिक्षण, जात आणि वडिलांचे उत्पन्न हेच रकाने आहेत, आणि ‘स्थळ’ पाहिल्यानंतर त्या प्रश्नांचा क्रम ओळखीचा वाटू लागतो.