लोकरंजनाच्या लेखणीचे सातत्य : शिरीष कणेकरांच्या निमित्ताने

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाला मराठी समीक्षेने भरपूर वेळ दिला. परंतु जे लेखन सकाळी वर्तमानपत्राबरोबर घरात येते आणि महिनाअखेर रद्दीत जाते, त्याचा विचार तिने क्वचितच केला. चित्रपट, गाणी व क्रिकेट यांवर आयुष्यभर लिहिणारा लेखक या उपेक्षेचा विशेष धनी होय. त्याच्यापुढील प्रश्न मात्र सामान्य नाही. ज्याचा विषयच दर शुक्रवारी शिळा होतो, त्याची लेखणी अनेक दशके ताजी कशी राहावी? शिरीष कणेकर (१९४३–२०२३) यांच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे मराठीत आधीच आढळतात. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही पात्रे कायम ठेवून त्यांनी घटना बदलत्या ठेवल्या. चित्रपट-पत्रकार इसाक मुजावर यांनी दुसरा मार्ग पत्करला. चित्रपटविषयक नियतकालिकांतील वार्तेचे रूपांतर त्यांनी इतिहासात केले. काल जी बातमी होती, ती त्यांच्या ग्रंथांत नोंद बनली. पहिले सातत्य साच्याचे, तर दुसरे संग्रहाचे. कणेकरांचे सातत्य या दोहोंहून निराळे, निवेदकाच्या स्वराचे आहे.

इंग्रजी पत्रकारितेतून मराठी सदरलेखनाकडे वळलेल्या कणेकरांचा आवडता प्रांत म्हणजे जुना हिंदी चित्रपट व त्याचे संगीत. ‘यादों की बारात’, ‘गाये चला जा’ ही पुस्तके त्याची साक्ष देतात. ज्या काळात आवडते गाणे ऐकावयाचे तर नभोवाणीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, त्या काळी अशा लेखकाजवळील माहितीला मोल होते. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’वर वाढलेल्या पिढीच्या स्मृतीचा तो एक प्रकारे कोठारी होता. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन आले, त्यामागून ध्वनिफिती आल्या, १९९० नंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि अखेर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये सारे संगीत येऊन बसले. संगीतकार कोण व साल कोणते, हे सांगणाऱ्याची गरजच उरली नाही. केवळ माहितीवर जगणारा लेखक येथे संपावयास हवा होता.

कणेकर संपले नाहीत, याचे कारण त्यांच्या लेखनात माहिती हे निमित्त होते. वाचक येई तो बोलणाऱ्या माणसासाठी. हा माणूस हट्टी आहे, आवडीनिवडीत टोकाचा आहे, कोट्या करतो, अतिशयोक्ती करतो आणि स्वतःचीही टर उडवितो. त्याची वाक्ये आखूड असतात. वाचकाने मधेच काही विचारले असावे, अशा थाटात ती पुढे सरकतात. हे मूलतः बोलण्याचे गद्य आहे. म्हणूनच ‘माझी फिल्लमबाजी’, ‘फटकेबाजी’ यांसारखे त्यांचे एकपात्री रंगमंचीय कार्यक्रम हे लेखनापासून ढळणे नव्हे. त्या गद्याची ती स्वाभाविक परिणती होय. माध्यम बदलले, स्वर तोच राहिला.

अशा स्वराला श्रोता कोठे लाभतो, हे पाहण्यासाठी कल्याणपलीकडील रेल्वेमार्गाकडे वळावे. उल्हासनगर हे नाव १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला मिळाले. अंबरनाथ आगपेटीच्या व संरक्षणसामग्रीच्या कारखान्यांसह वाढले. बदलापूर हे मुंबईस रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांचे गाव झाले. गाव सोडून वा गमावून आलेल्या या वस्त्यांत भाषा भिन्न, देव भिन्न. पण चित्रपटातील गाणे मात्र शेजाऱ्याशेजाऱ्यांत समाईक. गाडीच्या डब्यात वाचले जाणारे सदर या समाईक स्मृतीला मराठी शब्द पुरवीत होते. त्याला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारणे म्हणजे या समाजाच्या भावजीवनाचा एक पुरावाच नाकारणे होय.

तथापि या मार्गाची किंमतही मोजली पाहिजे. स्वर हेच भांडवल झाले की तो बदलण्याचे धाडस लेखकाला परवडत नाही. लता मंगेशकर, दिलीपकुमार यांच्या युगावरील कणेकरांची निष्ठा त्यांचे बळ होती. तीच त्यांची मर्यादाही ठरली. नव्या चित्रपटाकडे ते बहुधा त्या युगाच्या खिडकीतूनच पाहतात, आणि उत्तरकालीन लेखनात लकबीची पुनरावृत्ती जाणवते. वाचक लेखकाबरोबर वृद्ध होत गेला. नवा वाचक त्या प्रमाणात जोडला गेला नाही. लेखक टिकला, असे म्हणताना तो कोणासाठी टिकला, हेही विचारावयास हवे.

या विचारातील खरी अडचण साधनांची आहे. पुस्तकांत आलेले लेखन हे निवडलेले असते. मूळ सदर त्याच्या शेजारच्या जाहिरातींसह, वाचकांच्या पत्रांसह पाहिल्याखेरीज स्वर केव्हा घडला आणि केव्हा गोठला, हे ठरविता येणार नाही. बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयासारखे जुन्या मराठी ग्रंथांचे व नियतकालिकांचे संग्रह म्हणूनच मोलाचे आहेत. पदव्युत्तर अभ्यासकाने एखाद्या सदराचे एकच वर्ष घ्यावे आणि त्याचे सर्व अंक क्रमाने वाचावेत. कागद पिवळा पडत आहे. हे काम पुढच्या पिढीवर सोपविण्याजोगे नाही.