अनुदान, खाजगी भांडवल आणि अक्षय ऊर्जा : युगांडातील 'गेट फिट' योजनेची चिकित्सा

प्रस्तावना :
विकसनशील देशांतील अक्षय ऊर्जा प्रकल्पांत खाजगी भांडवल यावे, यासाठी त्यास परकीय अनुदानाची जोड देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अनुदान हा सार्वजनिक निधी असून तो परत मिळत नाही. म्हणूनच त्यातून नेमके काय साधले, हे तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात युगांडातील 'गेट फिट' योजनेचा या दृष्टीने विचार केला आहे.

योजनेचे स्वरूप :
युगांडाचे वीज नियामक प्राधिकरण आणि जर्मनीची केएफडब्ल्यू विकास बँक यांनी २०१३ मध्ये ही योजना सुरू केली. जर्मनी, नॉर्वे, ब्रिटन व युरोपीय संघ यांनी तीस निधी पुरविला. लघु जलविद्युत, सौर आणि उसाच्या चिपाडावरील सहवीजनिर्मिती अशा १ ते २० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पांसाठी ती होती. तीत १७ प्रकल्पांची निवड झाली. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे १५८ मेगावॅट होती. सरकारी पारेषण कंपनी २० वर्षांच्या कराराने वीज विकत घेणार आणि दरातील तूट अनुदान भरून काढणार, अशी ही रचना होती. निम्मे अनुदान प्रकल्प कार्यान्वित होताच, तर उर्वरित पहिल्या ५ वर्षांतील उत्पादनानुसार द्यावयाचे होते.

गुण :
केवळ उभारणीवर सवलत दिल्यास यंत्रे उभी राहतात, पण वीजनिर्मितीची हमी राहत नाही. भारतातही पवनऊर्जेस प्रथम घसाऱ्याची करसवलत मिळाली. प्रतियुनिट ५० पैशांचे उत्पादनाधारित प्रोत्साहन २००९ मध्ये आले. त्या तुलनेत 'गेट फिट'ने अनुदानाचा निम्मा भाग तरी आरंभापासूनच उत्पादनाशी जोडला, हे मान्य करावे लागेल. सोरोटी येथील १० मेगावॅटचा सौर प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला, हे या योजनेचेच फलित होय.

मर्यादा :
तथापि, अनुदानाने विजेच्या दरातील दरी बुजविली, वाहिन्यांची नव्हे. दुर्गम नद्यांवरील काही प्रकल्प तयार झाले तरी पारेषणाची व्यवस्था मागे राहिली. अशा वेळी न उचललेल्या विजेचेही मोल करारानुसार सार्वजनिक कंपनीस द्यावे लागते. त्यातच इसिंबा (१८३ मेगावॅट, २०१९) व करुमा (६०० मेगावॅट, २०२४) हे मोठे जलविद्युत प्रकल्प आले आणि योजनेमागील तुटवड्याचे गृहीतकच ढळले. याउलट, असंख्य ग्रामीण घरे वीजजोडणीवाचूनच राहिली. तात्पर्य, गुंतवणूकदाराची जोखीम घटली, पण ती नाहीशी झाली नाही. ती सार्वजनिक कंपनीवर आणि पर्यायाने ग्राहकावर आली.

निष्कर्ष :
अनुदानाशिवाय हे भांडवल आलेच नसते, हा समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु भांडवल येणे हे साधन होय, साध्य नव्हे. वाहिनी व घरगुती जोडणी यांची तरतूद प्रकल्पाच्या करारातच असल्याखेरीज अनुदान मंजूर होऊ नये. त्याचे यश उभारलेल्या मेगावॅटवर नव्हे, तर घरात पोहोचलेल्या युनिटवर मोजले जावे.