शिवधनुष्याची पेटी

समीक्षक पुस्तकांचे असतात, नाटकांचे असतात, गाण्याचे तर गल्लोगल्ली असतात. पेटीचा समीक्षक म्हटलं की मात्र लोकांना हार्मोनियम आठवते. मी ज्या पेटीबद्दल लिहिणार आहे तिच्यातून सूर निघत नाही. निघालाच तर ‘खट्’ असा निघतो आणि तो ऐकून मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो. ही पेटी म्हणजे शिकारीचं कंपाउंड धनुष्य प्रवासात ठेवायची कडक पेटी. तुम्ही विचाराल, बँकेतल्या कारकुनाचा आणि धनुष्याचा संबंध काय? संबंध एकच. मेहुणा.

हा मेहुणा डोंबिवलीत होता तोवर भिंतीवर पाल दिसली की खोली सोडायचा. पेनसिल्व्हेनियात दहा वर्षं काढल्यावर तोच हरणांच्या शिकारीला जायला लागला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून असलं काही करायची सोय नाही. तिकडे परवाना काढून, ठरल्या मोसमात, ठरल्या रानात हे रीतसर चालतं. ही बातमी कळल्यावर आमच्या हिने दोन दिवस भावाचं नाव टाकलं. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, “रानात कानटोपी घालतोस ना रे?”

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो जरा उतरलेलाच दिसला. कारण आदल्या सप्टेंबरात घडलेलं होतं. शेजारच्या म्हातारबुवांनी, वय वर्षं बहात्तर, त्याला धनुष्य धरायला शिकवलं. दोघांनी मिळून कोलोरॅडोतल्या एल्कच्या शिकारीसाठी अर्ज केले होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरिण. तिथल्या चांगल्या रानाचा परवाना सोडतीत मिळतो. नाही मिळाला तर त्या वर्षीचा एक गुण खात्यावर जमा होतो आणि असे गुण साठले की कधीतरी नंबर लागतो. थोडक्यात, रिकरिंग डिपॉझिट. सात वर्षांनी ते पिकलं. मेहुणा कापडी पिशवीत धनुष्य घालून विमानाने डेन्व्हरला उतरला, पिशवी उघडली, तर वरचं चाक वाकडं. म्हातारबुवांचं धनुष्य शाबूत होतं, पण ते एकटे डोंगर चढेनात. दोघांनी सहा दिवस तंबूत उसळ खाऊन पत्ते कुटले. गुण मात्र खर्ची पडले ते पडलेच.

आता धनुष्याला चाकं कशाला, असं माझ्याप्रमाणे तुम्हालाही वाटेल. तर मिसुरीतल्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने ही युक्ती काढली आणि 1969 साली तिचं पेटंट मिळवलं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना लंबगोल चाकं, त्यांवरून दोऱ्या. ओढायला लागलं की आधी जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की चाकं वळतात आणि भार एकदम उतरतो. साठ पौंडांच्या धनुष्यात शेवटी हाताला दहा-बारा पौंडच लागतात. त्यामुळे नेम धरून निवांत उभं राहता येतं. हे फक्त तिकडचंच खूळ आहे असंही नाही. 2023 साली बर्लिनला याच कंपाउंड धनुष्यावर साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. तेही काही धनुष्य खांद्याला लावून बर्लिनपर्यंत चालत गेले नसणार.

खरी गोम अशी की हे धनुष्य प्रवासातसुद्धा चढवलेलंच राहतं. तंबोरा गावाला न्यायचा तर तारा सैल करतात. साध्या धनुष्याची दोरी उतरवली की काठी उरते. कंपाउंडची दोरी उतरवायला मात्र खास दाबयंत्र लागतं, आणि ते दुकानात असतं, रानात नसतं. म्हणजे हा गडी चोवीस तास ताणलेला. मार्चअखेरच्या कॅशियरसारखा. त्यात चाकाला किंचित बाक आला तरी दोरी खोबणीतून निसटते.

आपले पूर्वज या बाबतीत फार पुढे होते. पांडवांनी अज्ञातवासात जाताना धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या, शस्त्रांची गाठोडी शमीच्या झाडावर ठेवली आणि वर एक प्रेत बांधलं. कापडी पिशवी अधिक सुरक्षा व्यवस्था. जनकाकडचं शिवधनुष्य मात्र वाल्मीकींनी लोखंडी मंजूषेत ठेवलेलं दाखवलं आहे. मंजूषेला आठ चाकं आणि ओढायला पाच हजार माणसं. माझ्या माहितीतली ही पहिली हार्ड केस. एवढं करून धनुष्य मोडलंच, पण तो दोष पेटीचा नव्हे.

दुकानात आम्ही तीन पेट्या पाहिल्या. पहिली साठ-सत्तर डॉलरची, पातळ प्लास्टिकची. आत वर-खाली अंड्यांच्या ट्रेसारखा फोम. धनुष्य मध्ये ठेवायचं आणि झाकण दाबून बसवायचं. ही पेटी धनुष्याला धरत नाही, नुसती कवटाळते. फोमचा दाब नको तिथे, म्हणजे दोरीवर आणि चाकांवर येतो. गाडीतून जवळच्या रानात जायला ठीक. विमानाला नाही.

दुसरी तीनशे डॉलरच्या वरची. जाड पॉलिप्रॉपिलीनची, कडेने रबर लावून हवाबंद केलेली. विमानातल्या कमी दाबानंतर खाली उतरल्यावर झाकण बसून राहू नये म्हणून हवेची छोटी झडपसुद्धा होती. रिकामीच आठ-नऊ किलो. विक्रेत्याने ती जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभा राहिला. मेहुण्याचे डोळे चमकले. “भावोजी, ही घेऊन टाकू या.”

मी म्हटलं, “थांब. विमानतळावर तुझ्या पेटीवर उभं कोण राहणार आहे? तिथे सामान पडतं, आपटतं.” आम्ही धनुष्य आत ठेवलं, झाकण लावलं, मी पेटीला कान लावला आणि मेहुण्याला ती हलवायला सांगितली. आतून ‘खट्’ आलं. आतला फोम चौकोनी तुकडे उपटून हवा तसा खळगा करायचा, या जातीचा होता, आणि उरलेल्या बारीक भिंती धनुष्याने आत्ताच वाकवल्या होत्या. मला हा साहित्यप्रकार परिचयाचा आहे. पुठ्ठा उत्तम, वेष्टण झकास, आत मजकूर सैल. पेटी फुटणार नाही हे मला मान्य. पण पेटी न फुटता आतलं धनुष्य आतल्याच भिंतीवर आपटलं, तर त्या न फुटलेल्या पेटीचं करायचं काय?

तिसरी दिसायला साधी. खिट्ट्या आणि मुठी अंगात बसवलेल्या, म्हणजे सामानाच्या पट्ट्याला अडकून तुटायला बाहेर काही नाही. आत धनुष्याच्या आकाराची कापीव जागा आणि मधल्या जाड दांड्याला आवळणारे दोन पट्टे. चाकांना कुठेच काही टेकत नव्हतं. हलवली तर चिडीचूप. मला आवडली ती आणखी एका कारणासाठी. तिकडे तपासणीवाले आपल्यामागे पेटी उघडतात (त्यांच्या किल्लीने उघडणारं कुलूप लावावं, नाहीतर तोडतात) आणि पुन्हा लावतात. तो तपासनीस बिचारा शिफ्ट संपायच्या घाईत. ज्याने जन्मात धनुष्य पाहिलं नाही त्यालाही ते परत त्याच जागी ठेवता आलं पाहिजे. कापीव जागेत ते एकाच प्रकारे बसतं. पेटीची परीक्षा मालकाच्या हातात नसते, तपासनिसाच्या हातात असते.

मापाचा घोळ तेवढा सांगून ठेवतो. धनुष्याची लांबी बत्तीस इंच म्हणतात ती एका आसापासून दुसऱ्या आसापर्यंतची. चाकं त्याच्याबाहेर आणखी तीन-चार इंच जातात. छापील आकड्यावर पेटी घेतली की चाकं भिंतीला भिडलीच. आणि लांबी, रुंदी, उंची मिळून बासष्ट इंच हा विमानाचा नेहमीचा नियम अशी पेटी ओलांडते, तेव्हा त्या विमान कंपनीचा खेळाच्या सामानाचा नियम आधी वाचावा. मी वाचला. बँकेत सर्क्युलर वाचून वाचून मला ती सवय आहे.

घरी आल्यावर खरा धोका उभा राहिला. पेटी उघडी, आत मोकळे कोपरे, आणि समोर आमची ही, लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन. “बसतोय की. हवाबंद आहे, खमंग राहतील.” धनुष्याशेजारी सुटा डबा म्हणजे लखोट्यात हातोडा! चाकाची जी गत बाहेरच्या हमालाने केली तीच आत बसून लाडवांनी केली असती. शेवटी डब्याला बंदी आणि चिवड्याच्या मऊ पिशव्यांना परवानगी, असा तह झाला.

सप्टेंबरात दोघं दुसऱ्या, कमी मागणीच्या रानाचा परवाना घेऊन निघाले. म्हातारबुवांचे गुडघे आता कुरकुरतात, पुढच्या वर्षीचं ते बोलत नाहीत. ज्या रात्री ते डेन्व्हरला उतरायचे होते त्या वेळी आमच्याकडे सकाळ होती. मी बँकेत निघायचा थांबलो होतो. फोन वाजला.

“भावोजी, उघडली. चाक सरळ आहे. चिवडा थोडा चुरला.”

“आणि बुवांचं धनुष्य?”

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “त्यांचं लाकडी आहे. दोरी काढून खिशात ठेवतात. काठी बायकोने शिवलेल्या फ्लॅनेलच्या खोळीत, आणि खोळ पाइपात.”

“कसल्या पाइपात?”

“आपला तो सांडपाण्याचा. पीव्हीसीचा. दोन्हीकडे बुचं. बारा डॉलर पडले म्हणाले.”