भिंतीतून सावली

एका दोस्तानं फोटो आणला. हंगेरीतलं कोमारोम. देश युरोपीय संघात गेला, त्याची आठवण म्हणून २००४ साली उभारलेलं शिल्प, नाव 'युरोप दरवाजा'. काँक्रीटमध्ये काचेचे बारीक तंतू घातलेले, त्यातून उजेड आरपार येतो. पलीकडं माणूस उभा राहिला की अलीकडं त्याची सावली उमटते. 'आपल्या नागपुरातही असंच स्मारक पाहिजे,' दोस्त म्हणाला.

मी म्हटलं, थांब बे. कारागिरी भारी आहे, नाही म्हणत नाही. पण चेहरा दिसत नाही, हात लागत नाही, नुसती सावली येते. अन् आपल्या आजाच्या सावलीनंच तर यांचा धर्म बाटायचा! भिंत तशीच ठेवून सावलीचं कौतुक आपण करायचं?

दीक्षाभूमीचा स्तूप बघ. सांचीचा भरीव, लोकांनी भोवती फिरायचं. २००१ साली खुला झालेला हा १२० फूट व्यासाचा घुमट आतून पोकळ, चारी दिशांना दारं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच मैदानावर लाखो माणसं उभी होती. त्यांची नातवंडं आज चपला बाहेर काढून थेट आत शिरतात. भिंतीतून उजेड जात नसेल, दारातून माणूस जातो.

दोस्त चूप बसला. मग म्हणाला, 'रात्री आत दिवा लावला तर ते झळकतं मात्र.'

तेही खरंच. फोटो मी ठेवून घेतला.