‘वॉर ऑफ द रॅट्स’: एक द्वंद्व, तीन नावं आणि एकच साक्षीदार

मित्रांनो, इथे आपण एरवी संशोधन आराखडा, संदर्भसाहित्याचा आढावा, पेट परीक्षा अशा विषयांवर बोलतो. आज चक्क एका कादंबरीबद्दल बोलू. डेव्हिड एल. रॉबिन्स या अमेरिकन लेखकाची ‘वॉर ऑफ द रॅट्स’ ही कादंबरी १९९९ साली आली. विषय आहे स्टालिनग्राडची लढाई आणि त्यातले दोन प्रतिस्पर्धी स्नायपर. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ती वाचावी असं मला वाटतं. मात्र वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवायचा: हे आपल्याला कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी?

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. लढाई जुलै १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ अशी चालली. शरद ऋतूपर्यंत जर्मन सहाव्या सैन्याने बहुतेक शहर घेतलं होतं आणि जनरल चुइकोव्हच्या ६२व्या सैन्याकडे व्होल्गाकाठच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या. १९ नोव्हेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला आणि चार दिवसांत वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. पडक्या इमारती, तळघरं आणि गटारांमधून चाललेल्या या लढाईला जर्मन सैनिक ‘उंदरांचं युद्ध’ म्हणत. कादंबरीचं नाव तिथूनच आलंय.

नायक वासिली झाय्त्सेव खराच होऊन गेला. उरलमधल्या खेड्यात १९१५ साली जन्मलेला, पॅसिफिक नौदलात कारकुनी केलेला, नंतर २८४व्या रायफल डिव्हिजनमधून स्टालिनग्राडला आलेला. रशियनमध्ये ‘झायत्स’ म्हणजे ससा, म्हणून त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या स्नायपरना ‘सशाची पिल्लं’ म्हणत. १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर १९४२ या काळात त्याने २२५ शत्रुसैनिक मारल्याची सोव्हिएत नोंद आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याला ‘हीरो ऑफ द सोव्हिएत युनियन’ हा किताब मिळाला. कादंबरीत त्याला मारण्यासाठी जर्मनीतून एक निष्णात नेमबाज येतो, कर्नल हाइन्झ थोर्वाल्ड. त्याच्यासोबत निकी मोंड नावाचा तरुण कॉर्पोरल आणि झाय्त्सेवच्या बाजूला टानिया चेर्नोव्हा ही स्नायपर. या चौघांभोवती गोष्ट फिरते.

कादंबरी कुठे जमते

वाट पाहणं रॉबिन्सना छान लिहिता येतं. तासन्‌तास एकाच ढिगाऱ्याकडे बघायचं, काल इथे वीट होती का हे आठवायचं, हात गारठले तरी हलायचं नाही. युद्धकथेत सहसा धावपळ असते, इथे स्तब्धता आहे आणि ती कंटाळवाणी होत नाही. ज्यांनी एखादं वाचन स्थिर होण्यासाठी उपकरणासमोर अर्धी रात्र काढली आहे त्यांना ही पानं पटकन कळतील.

आता मूळ प्रश्न

हे द्वंद्व झालं का? पहिल्या नजरेला पुरावा भरपूर दिसतो. चुइकोव्हच्या आठवणींत ते आहे. विल्यम क्रेग यांच्या १९७३ सालच्या ‘एनिमी अॅट द गेट्स’ या पुस्तकात आहे. झाय्त्सेवच्या स्वतःच्या, १९८१ साली निघालेल्या आठवणींत आहे. १९९९ ची ही कादंबरी, २००१ सालचा झां-झाक आनो यांचा चित्रपट. शिवाय त्या जर्मन स्नायपरची म्हणून एक दुर्बीण मॉस्कोच्या सैन्यदल संग्रहालयात ठेवली आहे. पाच साक्षी आणि एक वस्तू. आणखी काय पाहिजे?

पण जरा थांबा आणि साक्षींचा माग काढा. चुइकोव्ह ही हकिकत देतो ती झाय्त्सेवच्या तोंडून. आठवणी झाय्त्सेवच्याच. नंतरची पुस्तकं आणि चित्रपट आधीच्या सांगण्यावर उभी. म्हणजे फांद्या पाच दिसल्या तरी खोड एकच. दुर्बिणीचं तेच: ती दुर्बीण आहे यात वाद नाही, पण ती कुणाची हे परत तीच गोष्ट सांगते.

आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव बघा. आठवणींत तो मेजर कोनिंग्स, चित्रपटात मेजर क्योनिग, कादंबरीत कर्नल थोर्वाल्ड. हुद्दाही बदलतो. गोष्टीचा तपशील पिढीगणिक वाढत जातो, पण त्या माणसाची स्वतंत्र ओळख काही पक्की होत नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्हालाही हेच दिसेल. दहा पेपर एकच वाक्य लिहितात, दहाही एकमेकांना संदर्भ देतात आणि मुळाशी गेलात की एका जुन्या पेपरमधलं एखादं वाक्य सापडतं, तेही ‘कदाचित’ घालून लिहिलेलं. संदर्भ मोजू नका, स्वतंत्र संदर्भ मोजा.

न सापडणं कधी पुरावा ठरतं?

इतिहासकार अँटनी बीव्हर यांचं ‘स्टालिनग्राड’ १९९८ साली आलं, म्हणजे या कादंबरीच्या वर्षभर आधी. त्यांना हे द्वंद्व पटत नाही. कारण असं, की लाल सैन्याचा राजकीय विभाग अलेक्सांद्र श्चेर्बाकोव्ह यांच्याकडे होता, आणि स्टालिनग्राडहून त्यांना जाणाऱ्या अहवालांत या घटनेचा उल्लेखच नाही.

तुम्ही म्हणाल, उल्लेख नाही म्हणून घटना घडलीच नाही असं कसं? बरोबर. नुसत्या शांततेवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण हे अहवाल कसले होते ते बघा. स्नायपरांची कामगिरी ही प्रचाराची मोठी बाब होती आणि तिच्याविषयी वर अगदी हौसेने कळवलं जायचं. जर्मनीहून खास पाठवलेला तज्ज्ञ आपल्या सशाने टिपला, ही बातमी तिथे सुटेल कशी?

रसायनशास्त्रात आम्ही याला ‘डिटेक्शन लिमिट’ म्हणतो. नमुन्यात शिसं सापडलं नाही, या वाक्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. तुमचं उपकरण किती कमी शिसं पकडू शकतं हे आधी सांगा. उपकरण संवेदनशील असेल तरच ‘नाही’ या उत्तराला वजन येतं. बीव्हर यांचा युक्तिवाद नेमका याच जातीचा आहे: जिथे ही गोष्ट हमखास सापडायला हवी होती, तिथे ती नाही. त्याने द्वंद्व खोटं सिद्ध होत नाही. पण ते झालं असं छातीठोकपणे म्हणण्याचा आधार जातो.

हातमोजा आणि पत्रा

झाय्त्सेवच्या हकिकतीतला एक भाग प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आवडेल. जर्मन नेमबाज कुठे लपलाय कळत नाही. समोर एक निकामी रणगाडा, एक पक्का मोर्चा, आणि मध्ये विटांच्या ढिगाऱ्याशी पडलेला लोखंडी पत्रा. झाय्त्सेव एका फळीच्या टोकाला हातमोजा अडकवून वर धरतो. गोळी येते. तो फळी जशी वर धरली होती तशीच, न फिरवता खाली घेतो आणि भोक बघतो. भोक सरळ आहे, तिरकं नाही. म्हणजे गोळी समोरून आली, माणूस पत्र्याखाली. तरीही तो लगेच गोळी झाडत नाही. सकाळचं ऊन आपल्या तोंडावर आहे, दुर्बीण चमकेल. दुपारनंतर आपण सावलीत आणि पत्रा उन्हात, तोवर थांबायचं. मग साथीदार कुलिकोव हेल्मेट हळूच वर करतो, आणि पुढचं होतं.

गृहीतक, चाचणी, फळी न फिरवण्याची काळजी, योग्य परिस्थितीची वाट. पद्धत म्हणून झकास! पण म्हणूनच सावध राहा. प्रयोगाचं वर्णन नेमकं आहे, एवढ्यावरून प्रयोग झाला असं ठरत नाही. उत्तम लिहिलेलं ‘पद्धती’चं प्रकरण आणि खरी निरीक्षणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी कादंबरीविषयीची पहिली तक्रार इथे येते. या हकिकतीतली सगळी मजा न दिसणाऱ्या माणसाचा माग काढण्यात आहे. झाय्त्सेवकडे आहेत फक्त खुणा. रॉबिन्स मात्र आपल्याला आलटून पालटून दोन्ही बाजूंना नेतात. थोर्वाल्डची भीती, त्याचा अहंकार, त्याचे बेत आपल्याला आधीच कळतात. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून गणित सोडवल्यासारखं होतं. आणि ज्या माणसाबद्दल पुरावा सर्वांत पातळ, त्याच्याच मनात लेखक सर्वांत खात्रीने वावरतो. कादंबरीकाराला ही मोकळीक आहेच, ती कुणी काढून घेऊ नये. पण मोकळीक घेऊन पुस्तकाने कमावलं काय, हे विचारायला हवं. थोर्वाल्ड गुंतागुंतीचा होतो, पण झाय्त्सेवसमोरचा अंधार पार नाहीसा होतो.

बरोबरीचा शत्रू कुणाला हवा असतो?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. झाय्त्सेवच्या त्या २२५ पैकी शत्रूचे स्नायपर ११, असं सोव्हिएत नोंदच सांगते. म्हणजे सुमारे ५ टक्के. बाकीचे २१४ कोण होते?

वासिली ग्रोसमन तेव्हा ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या सैनिकी वृत्तपत्राचा वार्ताहर होता. त्याने अनातोली चेखोव नावाच्या एका कोवळ्या स्नायपरबद्दल लिहिलं. त्या लेखनात चेखोवच्या नेमाखाली येणारी माणसं म्हणजे भांडं घेऊन पाण्याला निघालेला जर्मन सैनिक, असली. ग्रोसमनही सोव्हिएत बाजूचाच, प्रचाराच्या चौकटीत लिहिणारा, तरी पाण्याला निघालेला माणूस त्याच्या लेखनातून गळला नाही. वेढ्यातल्या शहरात स्नायपरचं रोजचं काम हे होतं: तहान लागलेल्याला बाहेर यावंच लागतं, तिथे थांबायचं.

द्वंद्वाची गोष्ट हे झाकते. दोन तुल्यबळ वीर समोरासमोर आले की मारणं म्हणजे जणू बुद्धिबळ. दोघांनाही धोका, दोघांनाही संधी. पाण्याच्या भांड्यापाशी असली बरोबरी नसते. रॉबिन्स युद्धाची घाण लपवत नाहीत हे खरं, पण पुस्तकाचा सांगाडाच द्वंद्वावर उभा असल्याने वाचकाचं सगळं लक्ष त्या ५ टक्क्यांतल्या एका माणसावर खिळतं. आकडेवारीच्या भाषेत बोलायचं तर टोकाचा एक बिंदू घेऊन त्यालाच सगळ्या नमुन्याचा प्रतिनिधी केलंय. तोही बिंदू असा, की त्याची नोंद पक्की नाही.

आणि हे फक्त कादंबरीकार करतात असं नाही. आपल्या प्रबंधात ‘ठळक निष्कर्ष’ म्हणून कोणता आलेख पहिल्या पानावर जातो? सगळ्यांत देखणा. बाकीचे परिशिष्टात.

मग वाचायची का?

वाचा, नक्की वाचा. वाट पाहण्यावरची ती पानं मोलाची आहेत, आणि झाय्त्सेव, त्याचं शिकवणं, स्टालिनग्राडमधली स्नायपर चळवळ हे सगळं खरंच होतं. द्वंद्वाबद्दल मात्र तीन कप्पे करा: पक्कं, शक्य, आणि गोष्टीला हवं म्हणून आलेलं. मग बीव्हर यांचं पुस्तक घ्या आणि तीच पानं पुन्हा तपासा.

हाच सराव पुढच्या आठवड्यात तुमच्या विषयात करून बघा. तुमच्या क्षेत्रातलं ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ एक वाक्य निवडा. ते कुठून आलं याचा माग काढत मागे जा, प्रत्येक पायरीला कुणी स्वतः पाहिलं आणि कुणी नुसतं पुढे सांगितलं हे लिहून ठेवा. दोन-तीन दिवस जातील. हाती लागेल तो कागद तुमच्या पहिल्या प्रकरणात कामाला येईल, आणि मुलाखतीत गाईडने ‘हे कशावरून?’ असं विचारलं तर उत्तर तयार असेल.